मध्यस्थाला वगळताना

एखाद्या प्रोग्रामने ‘हा मजकूर डिस्कवर लिही’ असा हुकूम सोडावा, कर्नेलने क्षणार्धात ‘लिहिले’ असा दाखला परत करावा, आणि त्या दाखल्यावर विसंबून प्रोग्रामने पुढल्या उद्योगास लागावे, हा व्यवहार संगणकाच्या पोटात अहोरात्र चाललेला असतो. आणि तरीही ज्या क्षणी तो दाखला हाती पडतो त्या क्षणी डिस्कवर त्या मजकुराचे एक अक्षरही बहुधा उमटलेले नसते. मजकूर तेव्हा असतो कर्नेलच्या ताब्यातील मेमरीत, आपली पाळी येण्याची वाट पाहत. ही फसवणूक म्हणावी तर सर्वांच्या संमतीने चाललेली, आणि सोय म्हणावी तर वीज गेली की अंगाशी येणारी. बहुसंख्य प्रोग्रामांना या मध्यस्थीचा पत्ताही नसतो आणि असण्याचे कारणही नाही. परंतु काही थोडे प्रोग्राम असे निघाले की त्यांनी प्रारंभापासूनच ‘आमचा आणि उपकरणाचा व्यवहार आम्ही परस्पर पाहून घेऊ, मध्ये तुमचे दफ्तर नको’ अशी मागणी लावून धरली. युनिक्सच्या कर्त्यांनी त्यांच्यासाठी जो आडदरवाजा ठेवला, त्याला तेथल्या परिभाषेत ‘रॉ’ उपकरण म्हणतात, आणि या प्रकरणाचा विषय तो दरवाजा हाच आहे.

मुळात मध्यस्थ लागतोच कशाला, हे समजण्यासाठी ज्या यंत्रावर युनिक्स लहानाचे मोठे झाले त्या पीडीपी-११ कडे पाहणे सोयीचे होईल. या यंत्रात उपकरणांची रजिस्टरे वेगळ्या दालनात ठेवलेली नसून, सामान्य मेमरीच्याच पत्त्यांच्या मालिकेत अगदी शेवटच्या ८ किलोबाइटांच्या पट्ट्यात मांडलेली होती. त्यामुळे डिस्कला आज्ञा देणे याचा अर्थ एवढाच, की त्या पट्ट्यातील अमुक पत्त्यावर ब्लॉकचा क्रमांक ठेवावा, तमुक पत्त्यावर मेमरीतील जागा सांगावी, तिसऱ्यावर किती शब्द न्यायचे तो आकडा लिहावा आणि शेवटी ‘चालू कर’ ही खूण करावी. एवढे झाले की डिस्कचा नियंत्रक प्रोसेसरला न विचारता स्वतःच मेमरीतून मजकूर उचलतो किंवा मेमरीत आणून टाकतो, आणि काम उरकले की इंटरप्ट देऊन रुजू होतो. व्यवस्था सुटसुटीत खरी. पण तो पट्टा ज्याच्या हाती गेला त्याच्या हाती सगळे यंत्रच गेले, कारण नियंत्रकाला कोणती मेमरी कोणाच्या मालकीची आहे याचे यत्किंचितही ज्ञान नसते. तो प्रत्यक्ष पत्ते पाहतो आणि सांगितले तेथे ओततो. म्हणून हा पट्टा केवळ कर्नेलच्याच नकाशात दिसावा, सामान्य प्रोग्रामला त्याचे दर्शनही होऊ नये, असा बंदोबस्त करावा लागला.

न्यू जर्सीतील मरे हिल येथल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून जी प्रणाली रचली, तिचे वैशिष्ट्य असे की या बंदोबस्ताच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या प्रोग्रामला उपकरण हे फाइलच्या रूपाने भेटते. डिस्क असो, टर्मिनल असो, चुंबकीय फीत असो, त्या प्रत्येकाला ‘/डेव्ह’ या निर्देशिकेत एक नाव असते. ते नाव उघडावे, वाचावे, लिहावे, बंद करावे. नावामागे मजकूर नसून दोन आकडे असतात: पहिला आकडा कोणत्या जातीचे उपकरण हे सांगतो, दुसरा त्या जातीतील कितवे हे सांगतो. पहिल्या आकड्याच्या आधारे कर्नेल एका कोष्टकात डोकावते आणि तेथे नोंदलेल्या ड्रायव्हरला काम सोपवते. ही कोष्टके मात्र दोन आहेत, आणि आपल्या कथेचा धागा येथे सुरू होतो. एका कोष्टकात ब्लॉक उपकरणे, म्हणजे ज्यांचा मजकूर ५१२ बाइटांच्या ठरावीक तुकड्यांत मांडलेला असतो आणि कोणताही तुकडा केव्हाही मागता येतो अशी. आणि दुसऱ्यात बाकी सारे, ज्याला स्थूलमानाने अक्षर-उपकरणे म्हणण्याची रूढी पडली. ब्लॉक उपकरणाच्या ड्रायव्हरकडे वाचण्याचे आणि लिहिण्याचे स्वतंत्र कार्य नसतेच. त्याच्याकडे ‘स्ट्रॅटेजी’ नावाचे एकच कार्य असते, आणि त्याला प्रोग्राम कधी थेट हाक मारत नाही. मारते ते बफरांचे दफ्तर.

हे दफ्तर म्हणजे जुन्या पेढीवरची कच्ची कीर्द. दिवसभराचे देणेघेणे मुनीम तीत घाईघाईने टिपून ठेवतो, एकाच असामीच्या चार नोंदी एकत्र करतो, आणि सवड झाली की सारे पक्क्या वहीत उतरवतो. पेढीवरील माणसे मात्र कच्च्या कीर्दीतली नोंद हीच खरी मानून व्यवहार करतात. युनिक्सच्या १९७५ सालच्या सहाव्या आवृत्तीत ही कच्ची कीर्द अवघ्या १५ पानांची होती, प्रत्येक पान एका ब्लॉकएवढे. आजच्या वाचकाला ही संख्या हास्यास्पद वाटेल, पण त्या काळच्या आरके०५ या डिस्कवर मुळात ४,८७२ ब्लॉक, म्हणजे अडीच दशलक्ष बाइटांहून किंचित कमीच, एवढाच ऐवज मावत असे. प्रोग्रामने एखादा ब्लॉक मागितला की कर्नेल प्रथम या पंधरा बफरांत शोध घेते. सापडला तर डिस्कला त्रास देण्याचे कारण उरत नाही. प्रोग्राम क्रमाने वाचत असल्याचे ध्यानी आले तर पुढचा ब्लॉक न मागताच आणून ठेवते. आणि प्रोग्राम एकेक अक्षर लिहीत बसला तर प्रत्येक अक्षरासाठी डिस्क न फिरवता, ब्लॉक भरेपर्यंत किंवा त्या बफराची दुसऱ्या कोणाला निकड लागेपर्यंत, लेखन लांबणीवर टाकते. लांबणीवर पडलेले हे सारे फार काळ तसेच राहू नये म्हणून ‘अपडेट’ नावाचा एक प्रोग्राम मागे चालू ठेवण्याची पद्धत होती. तो दर ३० सेकंदांनी ‘सिंक’ अशी हाक देऊन बाकी राहिलेले लेखन डिस्ककडे रवाना करवीत असे. या तीस सेकंदांच्या अवधीत यंत्र कोसळले तर जे गेले ते गेले. दहापाच जणांनी मिळून वापरायच्या, मुख्यतः लेखन आणि प्रोग्रामिंग यांसाठी असलेल्या यंत्रावर हा सौदा उत्तमच होता असे माझे मत आहे, आणि युनिक्सच्या लौकिकाचा मोठा भाग या सौद्याच्या पदरात घालावा लागेल.

आता आडदरवाजाकडे वळू. सहाव्या आवृत्तीत एकाच डिस्कला दोन नावे असत: ‘/डेव्ह/आरके०’ हे ब्लॉक उपकरणाचे, आणि आरंभी एक जादा ‘आर’ जोडलेले ‘/डेव्ह/आरआरके०’ हे रॉ उपकरणाचे. डिस्क तीच, ड्रायव्हर तोच. परंतु दुसरे नाव अक्षर-उपकरणांच्या कोष्टकात नोंदलेले असल्यामुळे त्यावर केलेले वाचन-लेखन बफरांच्या दफ्तरात शिरत नाही. ते ‘फिजिओ’ नावाच्या एका छोट्याशा कार्याकडे जाते. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात अध्यापन करणारे जॉन लायन्स यांनी १९७६-७७ च्या सुमारास सहाव्या आवृत्तीच्या कर्नेलचा संपूर्ण मजकूर आणि त्यावरील भाष्य विद्यार्थ्यांसाठी तयार केले होते. पुढे परवान्याच्या अटी कडक झाल्यावर ते वर्गात शिकवण्याची सोय उरली नाही, आणि वीसेक वर्षे, १९९६ साली रीतसर छापून निघेपर्यंत, ते छायाप्रतींच्या छायाप्रतींतूनच हातोहात फिरले. त्या मजकुरात फिजिओ हे कार्य एका पानात संपते. पण जो वाचक ते पान सावकाश वाचील त्याचा एक सार्वत्रिक गैरसमज दूर होईल.

तो गैरसमज असा, की रॉ म्हणजे कर्नेलने अंग काढून घेणे. वस्तुतः फिजिओ काय करते ते पाहा. प्रोग्रामने मेमरीतील जो पत्ता दिला तो सम आहे ना, आणि बाइटांची संख्याही सम आहे ना, हे ते प्रथम तपासते, कारण नियंत्रक दोन-दोन बाइटांचे शब्दच नेऊ जाणतो. मग हा पत्ता प्रोग्रामच्या संहितेच्या भागात तर शिरत नाही ना, याची खातरजमा करते. कारण संहिता ही अनेक प्रोसेसांनी वाटून घेतलेली असू शकते, आणि रीतसर मार्गाने तीत लिहू पाहणाऱ्यास हार्डवेअरच अडवते, पण नियंत्रकाला अडवणारे कोणी नाही. त्यानंतर मागितलेली सारी जागा एकतर पूर्णपणे डेटाच्या भागात किंवा पूर्णपणे स्टॅकच्या भागात आहे हे पाहून, प्रोग्रामचा काल्पनिक पत्ता यंत्राच्या प्रत्यक्ष पत्त्यात बदलून घेते. जे काम एरवी मेमरीचे हार्डवेअर आपोआप करते ते येथे कर्नेलला स्वतः बेरजा-वजाबाक्या मांडून करावे लागते. आणि मग सर्वांत महत्त्वाचे: त्या प्रोसेसवर एक खूण करते, की इला मेमरीतून हलवू नये.

या खुणेचे मर्म कळण्यासाठी हे ध्यानात घेतले पाहिजे की त्या काळी मेमरी तोकडी असल्यामुळे थांबलेल्या प्रोसेसला सबंध उचलून डिस्कवर नेऊन ठेवण्याचा आणि तिची जागा दुसरीस देण्याचा प्रघात होता. बफरांच्या मार्गाने वाचन चालू असेल तर असे हलवण्यास हरकत नसते, कारण डिस्कवरून येणारा मजकूर कर्नेलच्या स्वतःच्या बफरात पडतो आणि प्रोसेस जागेवर परतल्यावर तिला त्याची नक्कल मिळते. रॉ मार्गाने मात्र मजकूर थेट प्रोसेसच्या मेमरीत पडत असतो. ती प्रोसेस वाचनाच्या पूर्ततेची वाट पाहत निजलेली आहे, म्हणजे हलवण्यास अगदी योग्य आहे, असे समजून कर्नेलने तिला उचलले, आणि त्या रिकाम्या जागी भलत्याच प्रोसेसला आणून बसवले, तर नियंत्रक आपला इमानेइतबारे त्या निरपराध त्रयस्थाच्या अंगावर मजकूर ओतत राहील. म्हणून खूण, काम संपून इंटरप्ट येईपर्यंत ती पुसायची नाही. याचा निष्कर्ष जरा अनपेक्षित आहे: बफरांचा मार्ग हा कर्नेलला अधिक कष्टाचा, पण निर्धोक, रॉ मार्गात मजकुराची उस्तवार कमी, पण पहारा अधिक. मजकुराविषयीचे सारे उपचार सोडून देता येतात, संरक्षणाचा मात्र एकही सोडता येत नाही.

एवढे केल्यावर फिजिओ त्याच ‘स्ट्रॅटेजी’ला बोलावते, ज्याला एरवी दफ्तर बोलावते, ड्रायव्हरला दोहोंतला फरक जेमतेम जाणवतो. प्रोसेस हलवण्याचे जे काम वर सांगितले तेही याच वाटेने, बफरांना वगळून होत असे. म्हणजे कर्नेलला स्वतःच्या घाईच्या कामासाठी जी पायवाट पाडावी लागलीच होती तीच इतरांस खुली करून दिली गेली. प्रत्येक ड्रायव्हरजवळ रॉ व्यवहारासाठी एकच चिठ्ठी असल्याने एका वेळी एकच असा व्यवहार चालू शके. दुसऱ्याने रांगेत थांबावे. मुख्यतः यंत्रांची देखभाल करणाऱ्यांनाच हा मार्ग लागे. सबंध डिस्कची नक्कल करायची तर पंधरा बफरांतून एकेक ब्लॉक नेण्यापेक्षा एका दमात मोठा गठ्ठा उचलणे कितीतरी वेगाचे, आणि चुंबकीय फितीवर ५१२ बाइटांहून निराळ्या लांबीचे तुकडे लिहिणे तर दुसऱ्या मार्गाने शक्यच नव्हते.

एका डिस्कला दोन दरवाजे ठेवल्याने एक पेच उभा राहिला, आणि तो युनिक्सच्या प्रशासकांनी पुष्कळ वर्षे भोगला. रॉ दरवाजाने जाणाऱ्याला दिसते ते डिस्कवरचे सत्य. ब्लॉक दरवाजाने जाणाऱ्याला दिसते ते कच्च्या कीर्दीतले. दोहोंत तफावत असली तर? फाइल-व्यवस्था तपासून दुरुस्त करणारा ‘एफएससीके’ हा प्रोग्राम मुख्य डिस्कवरील बिघाड दुरुस्त करी, परंतु चालू कर्नेलच्या मेमरीत त्याच डिस्कच्या मुख्य नोंदींची जुनी, नादुरुस्त प्रत बसलेली असे. प्रशासकाने सवयीने ‘सिंक’ केले की ती जुनी प्रत नव्या दुरुस्तीवर लिहिली जाऊन सारा खटाटोप व्यर्थ जाई. म्हणून दुरुस्ती आटोपल्यावर तो प्रोग्राम पडद्यावर ठळक अक्षरांत बजावीत असे, की यंत्र पुन्हा सुरू करा आणि सिंक करू नका. एरवी यंत्र बंद करताना सिंक करावे, आणि खबरदारी म्हणून दोनदा-तीनदा करावे, ही ज्यांची बोटे शिकलेली, त्यांनी नेमके याच वेळी ते न करणे किती कठीण गेले असेल याची कल्पना करता येते.

डिस्क सोडून टर्मिनलकडे पाहिले तर हाच ‘रॉ’ शब्द निराळ्या वेषात भेटतो. आरंभीचे टर्मिनल म्हणजे टेलिटाइप-३३ सारखे धडधडणारे यंत्र: सेकंदाला दहा अक्षरे, कागदावर. माणसाने टंकलेले प्रत्येक अक्षर लगोलग प्रोग्रामच्या हवाली करण्यात अर्थ नव्हता, कारण माणूस चुकतो आणि चूक खोडू इच्छितो. म्हणून कर्नेल आलेली अक्षरे एका कच्च्या रांगेत साठवते, ओळ पूर्ण झाली की खाडाखोड निस्तरून संस्कारित रांगेत उतरवते, आणि तेव्हा कोठे निजलेल्या प्रोग्रामला जागे करते. सहाव्या आवृत्तीत ‘#’ या चिन्हाने मागचे एक अक्षर खोडले जाई आणि ‘@’ ने सबंध ओळ रद्द होई; आज ज्याच्यावाचून ई-टपालाचा पत्ता पुरा होत नाही ते चिन्ह त्या काळी ओळीचा कर्दनकाळ होते. बाहेर जाणाऱ्या मजकुरावरही संस्कार होत: ओळ संपल्यावर जड मुद्रणदंड डावीकडे परत पोहोचेपर्यंत जो विलंब लागे तोही कर्नेलच मोजून सोडीत असे. रॉ अवस्थेत हे सारे बंद. प्रत्येक कळ, तिच्या बऱ्यावाईट अर्थासह, प्रोग्रामच्या पुढ्यात. बर्कलीला बिल जॉय यांनी १९७६ च्या पुढे जो ‘व्हीआय’ हा संपादक विकसित केला त्यासारख्या, पडद्यावर कर्सर फिरवणाऱ्या प्रोग्रामांना अशाच मोकळीकीची गरज असते. आणि असा प्रोग्राम मध्येच कोसळला तर टर्मिनल त्या बेलगाम स्थितीत मागे राहते, टंकलेले दिसत नाही, एंटर दाबून काही होत नाही. तेथे एंटरऐवजी कंट्रोल-जे दाबून ‘एसटीटीवाय सेन’ ही आज्ञा आंधळेपणाने टंकावी लागते, हे जाणत्यांना ठाऊक असते.

या संस्कारात भाषेचा प्रश्न कसा लपलेला आहे ते मराठी वाचकाने अवश्य पाहावे. ‘मागचे अक्षर खोडणे’ ही क्रिया कर्नेलला फार वर्षे ‘मागचा बाइट खोडणे’ एवढीच कळत होती, आणि रोमन लिपीपुरते ते खरेही होते. यूटीएफ-८ संकेतात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे होते, तेव्हा एक बाइट खोडून मागे दोन बाइटांचे निरर्थक थोटूक उरे. लिनक्सच्या कर्नेलमध्ये २००४ साली, २.६.४ या आवृत्तीत, यासाठी एक स्वतंत्र खूण आली; ती लावली असता कर्नेल तिन्ही बाइट एकदम खोडते. पण ‘क्षि’ हे आपण एक अक्षर मानतो, तर संकेताच्या दृष्टीने ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे, बारा बाइट. कर्नेल एका कळेला एक चिन्ह खोडते आणि प्रत्येक खोडणीस पडद्यावर एक घर मागे सरकते, हलन्ताला पडद्यावर स्वतःचे घर नसले तरीही. तेव्हा कर्नेलचा हिशेब आणि डोळ्यांना दिसणारे यांची फारकत होते. याची तड कर्नेलने लावावी अशी अपेक्षाच मला अवाजवी वाटते. हल्लीचे बहुतेक कवच-प्रोग्राम टर्मिनलचे ओळ-संस्कार बंद करून खाडाखोड स्वतःकडे घेतात, आणि जोडाक्षरांचे ज्ञान असलेच तर ते तेथेच असणे योग्य.

परत डिस्ककडे. रॉ उपकरणांचे सर्वांत आग्रही गिऱ्हाईक निघाले ते डेटाबेस. बर्कलीला युनिक्सवर इंग्रेस हा डेटाबेस उभारणाऱ्या मंडळींपैकी मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८१ साली एका लेखात ऑपरेटिंग सिस्टीमच्या सोयी डेटाबेसच्या किती गैरसोयीच्या ठरतात याचा पाढाच वाचला. डेटाबेस स्वतःचा बफरसाठा बाळगतो, कर्नेलही बाळगते, एकच पान मेमरीत दोनदा बसते आणि एका ठिकाणाहून दुसरीकडे नकलण्यात प्रोसेसरचा वेळ जातो. शिवाय जागा रिकामी करताना ‘जे फार काळ वापरले नाही ते आधी काढा’ असा कर्नेलचा सरसकट नियम. पण मोठे कोष्टक आरंभापासून शेवटपर्यंत चक्राकार वाचणाऱ्याला तेच पान थोड्या वेळाने लागणार असते, आणि ही गोष्ट डेटाबेसला आगाऊ ठाऊक असते, कर्नेलला नसते. सर्वांत गंभीर तक्रार क्रमाची. व्यवहाराची नोंद आधी डिस्कवर पोहोचली पाहिजे, प्रत्यक्ष बदल नंतर; या क्रमावर तर मोडलेल्या यंत्रातून सावरण्याची सारी भिस्त. आणि दफ्तर आपल्या सवडीने कोणतेही पान केव्हाही रवाना करते. म्हणून ओरॅकल, सायबेस, इन्फॉर्मिक्स यांसारख्या व्यापारी डेटाबेसांनी डिस्कचे सबंध विभाग रॉ स्वरूपात मागून घेतले. वेग मिळाला, खात्री मिळाली. पण त्या विभागात फाइल नाही, नाव नाही, तारीख नाही. नेहमीच्या साधनांनी पाहणाऱ्याला तो रिकामा भासतो, आणि रिकामा समजून कोणी त्यावर नवी फाइल-व्यवस्था मांडली की संस्थेचा सारा हिशेब धुऊन निघतो, ही धास्ती प्रशासकांच्या मानेवर कायम बसलेली असे.

लिनक्समध्ये हा आडदरवाजा आरंभी नव्हताच. डेटाबेसवाल्यांच्या निकडीपायी स्टीफन ट्वीडी यांनी तो घडवला आणि जानेवारी २००१ च्या २.४ या कर्नेलसोबत तो सर्वांस मिळाला; १६२ हा त्याच्या जातीचा क्रमांक. पण त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, २.४.१० या आवृत्तीत, सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीच्या आयरिक्स प्रणालीत रूढ असलेली दुसरी तऱ्हाही आली: स्वतंत्र उपकरण नको, फाइल उघडतानाच ‘ओ-डायरेक्ट’ अशी खूण करा, म्हणजे तेवढ्या फाइलीपुरते दफ्तर वगळले जाईल. फाइलीचे नाव, परवानग्या, प्रशासकाची सोय सारे शाबूत आणि मजकूर मात्र थेट. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी या तऱ्हेच्या रचनेवर जाहीर आणि तिखट टीका केली. मेमरीतील जागा, फाइलमधील स्थान आणि लांबी हे तिन्ही ब्लॉकच्या मापात, ५१२ वा हल्लीच्या अनेक डिस्कांवर ४,०९६ बाइटांच्या पटीत, बसले पाहिजेत अशा तिच्या कटकटी आहेतही, आणि चालू व्यवहाराच्या मध्येच प्रोसेसने आपली दुसरी प्रत काढली तर मजकूर कोणाच्या पानात पडेल याची शाश्वती नसणे हे फिजिओतल्या त्या खुणेच्या प्रश्नाचेच नवे रूप आहे. तरी गिऱ्हाइकांनी तीच उचलली. जुने रॉ उपकरण शेवटी शेवटी ओ-डायरेक्टचाच एक वेष होऊन राहिले होते. २०२१ च्या ५.१४ या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले.

याउलट फ्रीबीएसडीने २००० च्या सुमारास नेमका दुसरा दरवाजा बुजवला. त्या प्रणालीत डिस्कचे ब्लॉक नावच उरले नाही. प्रत्येक डिस्क ही रॉच, आणि साठवण करायची ती फाइल-व्यवस्थेने आपल्या पातळीवर. कारण असे देण्यात आले, की दफ्तराने लेखन लांबणीवर टाकले आणि त्याचा क्रम बदलला की कोणते लेखन डिस्कवर पोहोचले आणि कोणते बिघडले हे लिहिणाऱ्याला नीट कळवता येत नाही. म्हणून जबाबदारीने वागू पाहणारा कोणताही प्रोग्राम तो दरवाजा वापरत नव्हताच. एकाच वंशातील दोन प्रणालींनी एकाच जोडीतील परस्परविरुद्ध अर्धे टाकून द्यावे आणि दोघींचेही नीट चालावे, हे मला या इतिहासातले सर्वांत रंजक वळण वाटते.

फ्रीबीएसडीच्या त्या युक्तिवादात किती तथ्य होते हे २०१८ साली पोस्टग्रेस या डेटाबेसच्या कर्त्यांना निराळ्या वाटेने उमगले. हा डेटाबेस रॉ मार्गाच्या नादी कधी फारसा लागला नव्हता. कर्नेलच्या दफ्तरावर विश्वास ठेवावा, आणि अधूनमधून ‘एफसिंक’ या हाकेने आजवरचे सारे पक्के झाल्याची ग्वाही घ्यावी, असा त्याचा शिरस्ता. ग्वाही मिळाली नाही, तर पुन्हा एकदा हाक द्यावी. आढळले ते असे, की डिस्कवर लिहिताना बिघाड झाला असता लिनक्सचे कर्नेल तो एकदा कळवते, आणि ते पान मात्र ‘लिहून झाले’ अशा यादीत टाकते. दुसऱ्या हाकेला बाकी काहीच न उरल्याने ‘सर्व ठीक’ असे उत्तर येते, आणि मजकूर तर कोठेच नसतो. कर्नेलची बाजूही अगदीच लंगडी नव्हती, कारण उपटून काढलेल्या डिस्कसाठीची पाने मेमरीत अनंतकाळ धरून ठेवणार कोठवर? फेब्रुवारी २०१९ मधल्या सुधारित आवृत्त्यांपासून पोस्टग्रेसने पहिल्याच नकाराला स्वतःचे काम तत्काळ थांबवून व्यवहारांच्या नोंदवहीवरून सर्व पुन्हा उभे करण्याचा मार्ग धरला; आणि २०२३ च्या सोळाव्या आवृत्तीत, तूर्त विकासकांच्या प्रयोगापुरती का होईना, थेट मार्गाची सोयही ठेवली.

मात्र थेट मार्गाने गेलेला मजकूरही ज्या डिस्कपाशी पोहोचतो तिच्या आत आता स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी आणि स्वतःचे दफ्तर असते. मजकूर आपल्या मेमरीत आला की ती ‘लिहिले’ म्हणून मोकळी होते. घनावस्थेतील डिस्क तर सांगितलेल्या क्रमांकाच्या जागी लिहीतही नाही, सोयीची कोरी जागा पाहून तेथे लिहिते आणि क्रमांक कोठे गेला याचे कोष्टक आपल्याशी ठेवते. म्हणून ओ-डायरेक्टच्या जोडीला ‘ओ-डीसिंक’ ही दुसरी खूण करावी लागते. तेव्हा कर्नेल प्रत्येक लेखनासोबत डिस्कला तिचे पोटातले सारे रिते करण्याचा, किंवा ती जाणत असल्यास तेवढेच लेखन तत्काळ पक्के करण्याचा हुकूम धाडते. या हुकुमाच्या तामिलीस वेळ लागतो. तो वाचवण्यासाठी मोठ्या कार्यालयांकरिता बनवलेल्या डिस्कांत विजेचे छोटे संधारक बसवलेले असतात, आणि वीज गेल्यावर मेमरीतला मजकूर पक्का करण्यापुरता अवधी त्यांतून मिळतो.